पोलिसातला शिपाई, पलटणीतला शिपाई : महायुद्धात गेलेल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा

घरात बहुतेक वेळा एवढंच ठाऊक असतं: पणजोबा पोलिसात होते, लढाई लागली तेव्हा पलटणीत गेले आणि परत आलेच नाहीत. कुठल्या पलटणीत, कुठल्या मुलखात, कोणत्या साली, हे सांगणारं माणूस आता उरलेलं नाही. तरीही यातलं बरंचसं शोधून काढता येतं. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्यातले सुमारे ७४ हजार जण गेले, दुसऱ्यात सुमारे ८७ हजार. त्यातल्या बहुतेकांची नोंद कुठल्या ना कुठल्या कागदावर आहे. अडचण अशी की एका माणसाची दोन खाती, दोन नंबर आणि नावाची चार स्पेलिंगं असतात. म्हणून नावामागे धावू नका. नंबर आणि तो देणारं खातं, ही जोडी पकडा.

आधी शब्दांचा घोळ सोडवून घ्या. ‘शिपाई’ पोलिसातही असतो आणि पलटणीतही. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे हुद्देही दोन्हीकडे चालत आले आहेत. घरातल्या फोटोखाली किंवा समाधीवर ‘जमादार’ एवढंच असेल, तर तो पोलिसातला जमादार की फौजेतला कमिशन मिळालेला अधिकारी हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. दोघांच्या मानात आणि पगारात मोठं अंतर होतं, शोधायची दफ्तरंही वेगळी.

मग ‘पोलिसात होते’ याचा नेमका अर्थ काय तो तपासा. पुढच्या शक्यता ताडायच्या राहिल्या की महिनोन्महिने चुकीच्या दफ्तरात जातात.

पहिली शक्यता अगदी सरळ: जिल्हा पोलिसातला किंवा मुंबई शहर पोलिसातला कॉन्स्टेबल, जो नोकरी सोडून किंवा परवानगी घेऊन भरती झाला. दुसरी फार वेळा निसटते: तो मुळात पलटणीतलाच होता. नोकरीची वर्षं भरल्यावर राखीव यादीत, म्हणजे रिझर्व्हमध्ये गेला, गावी येऊन पोलिसात लागला आणि लढाई लागताच त्याला परत बोलावलं. अशा माणसाचा फौजेतला नंबर जुना असतो आणि भरतीची तारीख युद्धाच्या कितीतरी आधीची. १९१४ किंवा १९३९ नंतरच्याच भरत्या चाळत बसलात तर तो सापडणार नाही. तिसरी शक्यता बर्मा मिलिटरी पोलीस. नावात पोलीस असलं तरी हे बंदूकधारी, फौजेसारखं दल होतं आणि त्यातले जवान पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणींना जोडून पाठवले गेले. त्यांच्या नोंदीत मूळ दल आणि जोडलेली पलटण अशी दोन्ही नावं येतात. चौथी, दुसऱ्या महायुद्धातले मिलिटरी पोलीस, म्हणजे फौजेच्याच आतले वाहतूक आणि शिस्त सांभाळणारे. यांचा जिल्हा पोलिसांशी काही संबंध नव्हता. पाचवी, पोलीस पाटील. १८६७ च्या कायद्याखालचं हे गावचं पद होतं, त्याचे कागद पोलीस खात्यात नव्हे तर महसुलात सापडतात. ‘आमचे आजे पोलिसात होते’ म्हणणाऱ्या घरातला माणूस पुष्कळदा पोलीस पाटलाचा मुलगा निघतो. याशिवाय बसरा आणि बगदाद इंग्रजांच्या हाती आल्यावर तिथला बंदोबस्त उभा करायला हिंदुस्थानातून पोलीस नेले होते. असा माणूस लढाईच्या मुलखात गेला खरा, पण पोलीस म्हणूनच.

घरातल्या वस्तू

शोध घरातूनच सुरू करा आणि हात लावण्याआधी सगळ्याचे फोटो काढा.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर मालकाचं नाव ठोकलेलं असतं: गोल पदकांच्या कडेवर, ताऱ्याच्या आकाराच्या पदकांच्या पाठीवर. क्रम बहुधा असा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. अक्षरं अगदी बारीक असतात. पदक काळ्या कापडावर आडवं ठेवा, टॉर्च बाजूने जवळजवळ सपाट धरा आणि पदक हळूहळू फिरवत कडेचे सात-आठ फोटो घ्या. पलटणीच्या आकड्याआधी ‘१-’ दिसलं तर ती त्या पलटणीची पहिली बटालियन. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असेल तर माणूस लढाऊ दलातला. ब्राँझचं असेल तर बिगरलढाऊ दलातला, म्हणजे खेचरं हाकणारा, भिस्ती, हमाल वगैरे. दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिश सैनिकांची पदकं कोरी असतात, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र बहुधा नाव आढळतं, म्हणून कड बघितल्याशिवाय पदक परत डब्यात ठेवू नका.

पदक चिंचेने, लिंबाने किंवा भांडी घासायच्या पावडरीने कधीही घासू नका. कडेवरची अक्षरं केसाएवढी खोल असतात. सणासुदीला देव उजळताना पदकंही उजळण्याची पद्धत काही घरांत होती, आणि नंबर पुसट झालेली पदकं त्याच घरांतून निघतात. शंभर वर्षं टिकलेला पुरावा एका सकाळी जातो. मऊ सुती कापडाने धूळ टिपली की पुरे.

सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची जड ब्राँझची चकती असेल, तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली उभी स्त्री, सिंह आणि इंग्रजीत ‘तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी गेला’ अशा अर्थाची ओळ असेल, तर ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेली स्मृतिचकती आहे. पुष्कळ घरांत ती देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेच्या तळाशी असते. तिच्यावर फक्त नाव असतं. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटणही नाही, कारण मरणात सगळे सारखे असा तिचा हेतू होता. म्हणजे मृत्यूचा पुरावा म्हणून ती भक्कम आहे, ओळखीचा पुरावा म्हणून कमकुवत. सोबतचा कागद किंवा पाकीट सापडतं का ते बघा.

जुना फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन करा आणि तीन जागा मोठ्या करून बघा: कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, खांद्यावरची पितळी अक्षरं आणि फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का. बक्कलावर आकडा असेल तर तो पोलिसातला फोटो असण्याचा संभव मोठा. खांद्यावर आकडा किंवा अक्षरं असतील तर पलटणीतला. शिक्का बेळगावचा असेल तर मराठा पलटणीचा विचार आधी करावा.

आता दोन नंबरांविषयी, कारण सगळं त्यावरच उभं आहे. पोलिसाचा बक्कल नंबर हा जिल्ह्यापुरता असतो आणि माणूस गेला की तोच नंबर पुढच्या माणसाला मिळतो. नुसत्या बक्कल नंबराला काही अर्थ नाही. नंबर, जिल्हा आणि साल असं तिन्ही मिळून एक माणूस ठरतो. पहिल्या महायुद्धात फौजेतला नंबरही सगळ्या सैन्याला एक नव्हता, प्रत्येक पलटणीचा वेगळा होता. एकच नंबर १०५ व्या मराठ्यांत एकाचा आणि ११७ व्या मराठ्यांत दुसऱ्याचा असू शकतो. एका पलटणीतून दुसरीत बदली झाली की नंबरही बदलायचा. वहीत दोन रकाने आखा, पोलीस आणि फौज, आणि सापडलेला प्रत्येक आकडा कुठून आला त्यासह त्या त्या रकान्यात लिहा. आकडा कोणत्या खात्याचा हे नक्की नसेल तर तिसरा रकाना करा, पण अंदाजाने कुठेही ढकलू नका.

गावातला दगड आणि महसुलाचं दफ्तर

कोकण, सातारा, पुणे भागात चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाजवळ संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. १९१९ बघून गोंधळू नका. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, तह पुढच्या वर्षी झाला. अशा पाटीवर बहुधा नुसता आकडा असतो, नावं नसतात. म्हणून तिचा उपयोग वेगळा: गावातून किती गेले हे कळलं की तेवढी नावं यादीतून जमवायची आणि आपला माणूस त्यात बसतो का ते बघायचं.

अक्षरं पुसट असतील तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तिरक्या उन्हात फोटो काढा. साध्या पाण्याचा फवारा मारला तरी अक्षरं उठून दिसतात. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, पीठ किंवा खडू चोळणं, रंग भरणं यातलं काहीही करू नका. रंगाऱ्याने चुकीचं वाचून भरलेला आकडा पुढे खरा म्हणून चालतो.

गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. लोक आधी तिथेच जातात आणि रिकाम्या हाताने परततात. साहजिक आहे: कोतवाल गावात झालेला मृत्यू लिहायचा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, किंवा इटलीत गेलेल्याची नोंद तिथे सापडण्याची आशा जवळजवळ नाहीच. त्याच्या जन्माची नोंद मात्र मिळू शकते.

मृत्यूसाठी फेरफार बघा. जमीन त्याच्या नावावर किंवा सामाईक असेल तर तो मयत झाल्यावर वारस लावावे लागले, म्हणून गाव नमुना ६ मध्ये फेरफार आणि ६ क मध्ये वारसांची नोंद असते. तिच्यात मयताचं नाव, वारसाशी नातं, तारीख आणि कधी कधी ‘लढाईत मयत’ अशा अर्थाचा शेरा मिळतो. एक लक्षात ठेवा, फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. खबर उशिरा यायची, वाटणी अडायची, म्हणून नोंद दोन-चार वर्षं मागे पडलेली असू शकते. मृत्यूच्या अंदाजे सालापासून पुढची दहा वर्षं चाळा.

जुन्या नोंदी बऱ्याच ठिकाणी मोडीत आहेत. काही जिल्ह्यांचे जुने महसुली कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले मिळतात. मोडी वाचणाऱ्याकडे पानाचा फोटो देताना फक्त आपली ओळ कापून देऊ नका, अख्खं पान द्या. लिहिणाऱ्याचं वळण वरच्या-खालच्या ओळींवरून कळतं आणि मगच आडनाव नीट लागतं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी

हे काम घरबसल्या आणि फुकट होतं, आणि सगळ्यात जास्त हाती इथेच लागतं. या कमिशनची स्थापना १९१७ मध्ये झाली. ते ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन काळांतले मृत सैनिक नोंदवतं. लढाई संपल्यावरची तारीख असली म्हणून आपला माणूस यादीत नसेल असं धरू नका.

शोधताना बहुतेकांची पहिली चूक अशी: आडनाव आडनावाच्या चौकटीत आणि नाव नावाच्या चौकटीत टाकतात. हिंदी सैनिकांचं पूर्ण नाव पुष्कळदा एकत्रच, आडनावाच्या चौकटीत भरलेलं आहे. म्हणून नावाची चौकट रिकामी ठेवा. सैन्य ‘इंडियन आर्मी’ निवडा, युद्ध निवडा आणि आडनावाच्या जागी आधी फक्त पहिलं नाव, मग फक्त आडनाव, मग दोन्ही, असं तीनदा शोधा.

तरीही मिळालं नाही तर जास्तीच्या माहितीच्या चौकटीत गाव, तालुका, जिल्हा टाका. अनेक नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा’ असं दिलेलं असतं. इथे त्या काळचे जिल्हे लागतात. रायगड तेव्हा कुलाबा होता. आजचा सिंधुदुर्ग काही रत्नागिरीत, काही सावंतवाडी संस्थानात होता. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. त्यातली गावं काही सातारा जिल्ह्यात, काही सांगली, मिरज, जत अशा संस्थानांत होती. पुण्याचं स्पेलिंग ‘पूना’. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, औंध या संस्थानांतल्या माणसापुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव येतं.

स्पेलिंग भरती करणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं. पवारांचे ‘पोवार’ होतात, शिंद्यांचे ‘सिंदे’, जाधवांचे ‘जाधाव’ आणि ‘जादव’. व-ब, ळ-ल, ण-न, श-स या जोड्या उलटसुलट करून बघा. रोमन लिपीत ‘व’ दोन अक्षरांनी लिहिता येतो, दोन्ही वापरा. गावाच्या नावालाही हेच लागू.

स्पेलिंगने थकवलं तर उलटीकडून जा. पलटण, हुद्दा आणि साल एवढंच ठेवून सगळी यादी उतरवून घ्या आणि तक्त्यात गावानुसार लावा. गावच्या पाटीवरचा आकडा इथे कामी येतो.

नोंद सापडली की ‘थडगं कुठे’ असं विचारू नका, ‘नाव कुठे’ असं विचारा. हिंदू सैनिकांचं दहन झालं, कितीतरींचा देह हातीच आला नाही, म्हणून नाव स्मारकावर असतं. फ्रान्समधल्या न्यूव्ह-शापेल स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. बर्माच्या मोर्च्यावर गेलेल्यांची रंगून स्मारकावर, मलाया-सिंगापूरकडच्यांची क्रांजीच्या सिंगापूर स्मारकावर, इटलीतल्या पुष्कळांची कॅसिनोला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्यांचं नाव कॅसिनोलाच आहे.

बसऱ्याच्या स्मारकाविषयी आधीच सांगितलेलं बरं, कारण तिथे घरच्यांचा जीव दुखावतो. मेसोपोटेमियात गेलेल्या ४० हजारांहून अधिक जणांचं हे स्मारक, पण साध्या हिंदी सैनिकांची नावं दगडावर कोरलेलीच नाहीत. पलटणीचं नाव आणि किती गेले तो आकडा एवढंच. नावं फक्त नोंदवहीत होती. कमिशनने २०२१ मध्ये एका अहवालात अशी असमान वागणूक दिल्याचं जाहीरपणे मान्य केलं. फोटोत नाव दिसलं नाही म्हणून शोध चुकला असं समजू नका. नोंदवहीचं स्कॅन केलेलं पान उतरवून घ्या, पुरावा तोच. हे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं आहे, जुन्या पुस्तकातली जागा आता लागू नाही.

मराठा पलटणींसाठी बसरा फार महत्त्वाचं. १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियातल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतर कैदेत, उन्हात, रेल्वेच्या कामावर कितीतरी माणसं गेली. अशांच्या मृत्यूची तारीख सरकारने अंदाजाने धरलेली असू शकते. घरात श्राद्धाची तिथी वेगळी पाळली जात असेल तर ती खोटी ठरवायला जाऊ नका. खबर पोचल्याचा दिवस म्हणून तिची वेगळी नोंद ठेवा.

पलटणीचे आकडे १९२२ ला बदलले हेही ध्यानात घ्या. १०३ वी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११७ वी पाचवी. ‘५’ हा आकडा रेजिमेंटचा की बटालियनचा, हे तारखेसह बघितल्याशिवाय ठरवू नका. महार पलटणीचंही असंच: १११ वी १९१७ ला उभी राहिली, युद्धानंतर मोडली गेली आणि आजची महार रेजिमेंट १९४१ ला नव्याने उभारली. पहिल्या महायुद्धातल्या माणसाला तिच्यात शोधू नका.

फौजेचे आणि पोलिसांचे कागद

नंबर आणि पलटण मिळाल्यावरच अर्ज करा. फौजेत सैनिकाच्या नोकरीच्या कागदाला ‘शीट रोल’ म्हणतात. अर्जात हाच शब्द वापरा. मराठा पलटणीसाठी बेळगावचं रेजिमेंटल सेंटर आणि अभिलेख कार्यालय, महार रेजिमेंटसाठी सागर. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसाचे कागद मिळण्याची आशा बरी, पहिल्याची कमी. पलटण त्या दिवशी कुठे होती, काय घडलं, हे लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या युद्धदैनंदिन्यांत, ‘डब्ल्यूओ ९५’ मालिकेत सापडतं. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं. त्या दिवशीचे मृत आणि जखमी किती, हे मात्र येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायली ‘अभिलेख पटल’वर शोधता येतात. पंजाबच्या भरतीच्या ज्या मोठ्या नोंदवह्या ऑनलाइन आल्या आहेत त्या पंजाबपुरत्याच आहेत, त्यात वेळ घालवू नका.

पोलिसांकडे जिल्हा अधीक्षक कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज द्या. फी १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे घराण्याची कहाणी लिहू नका. नाव, बक्कल नंबर असल्यास तो, नेमणुकीचा जिल्हा, अंदाजे साल आणि मागणी: सेवापुस्तकाची किंवा सर्व्हिस शीटची प्रत. नसेल तर ते दफ्तर कोणत्या वर्गात होतं आणि केव्हा नष्ट केलं, त्याच्या नोंदीची प्रत. ही शेवटची ओळ विसरू नका. सरकारी दफ्तरात ‘अ’ वर्ग कायमचा आणि ‘ब’ ३० वर्षांचा असतो, आणि नष्ट केल्याची नोंद मिळाली की निदान तो रस्ता बंद झाल्याचं नक्की कळतं. दुसऱ्या कार्यालयाचा विषय निघाला तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करणं बंधनकारक आहे.

कागदावर ‘राजीनामा’, ‘रजा’ किंवा ‘गैरहजर’ असा शेरा दिसला तर तो एकटा वाचू नका. फौजेतल्या भरतीची तारीख शेजारी मांडा. दोन तारखा चार-आठ दिवसांच्या अंतरावर असतील तर माणूस तोच असण्याला मोठा आधार मिळतो. शहर पोलिसांचे आणि गृह व न्याय खात्याचे जुने कागद मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखात बघता येतात. ओळखपत्र न्या आणि खातं, साल, जिल्हा आधी लिहून ठेवा.

नोंद नसेलच तर

माणूस नोकरीत असताना वर दिलेल्या काळात गेला असेल, तर कारण कोणतंही असो, कमिशनच्या यादीत त्याचं नाव यायला हवं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने बेळगावच्या छावणीत गेलेलाही त्यात बसतो. मात्र तो सुटून पोलिसात परतला आणि मग गेला असेल, तर मृत्यू फौजेतल्या जखमेमुळे किंवा आजारामुळे झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. कमिशनकडे करायच्या अर्जासोबत नोकरीचा पुरावा, मृत्यूचा पुरावा आणि लागल्यास कारणाचा पुरावा जोडा. पदकाच्या कडेचा फोटो, फेरफाराची प्रमाणित प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर एकत्र पाठवा. स्पेलिंग चुकलं असेल तर तेही याच मार्गाने दुरुस्त करता येतं.

गावात नवी पाटी लावायचं ठरलं तर तिच्यावर दोन्ही खाती येऊ द्या: पोलीस शिपाई, जिल्हा, बक्कल नंबर, खाली पलटणीचं त्या काळचं नाव, फौजेतला नंबर, हुद्दा, मृत्यूची तारीख आणि नाव ज्या स्मारकावर आहे ते ठिकाण. जुनी पाटी जागची हलवू नका. नवी तिच्या शेजारी लावा आणि कागदांचा एक संच शाळेच्या दफ्तरात ठेवा.